पितरांची चरबी

माझ्या अंगावर चरबी आहे, असा आरोप आजवर माझ्या शत्रूनेही केलेला नाही. मी हायस्कुलात हेडक्लार्क आहे, आणि मी खुर्चीवर बसलो की खुर्ची रिकामीच आहे असं समजून लोक परत जातात. लग्नात सासऱ्यांनी शिवून दिलेला सफारी मला अजूनही सैल होतो. वाडीतल्या बायका माझ्या बायकोला, आनंदीला, भर रस्त्यात विचारतात, "घोवाक काय खाऊक घालतंस काय नाय गो?" असं सगळं असताना २००६ सालच्या श्रावणात एका छापील कागदाने मला कळवलं, की तुझ्या आत चरबी साठली आहे. तीही पोटावर, दंडावर, चार माणसांना दाखवता येईल अशा जागी नाही. स्वादुपिंडात.

मुळात मी गेलो होतो मुतखडा शोधायला. जेवणानंतर कुशीत दुखायचं. आमचे शेजारी दाजी मुंबईच्या गोदीतून निवृत्त होऊन आलेले. गोदीत माणसाला सगळे रोग बघायला मिळतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी माझ्या कुशीत दोन बोटं रुतवली आणि निकाल दिला, "मुतखडो. लिंबाएवढो आसतलो." मग तालुक्याला जाऊन, लोटाभर पाणी पिऊन, ते पोटात धरून, बाकड्यावर बायकांच्या रांगेत बसून मी सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही. यकृत बरं, मूत्रपिंडं बरी, प्रोस्टेट बरा. आणि खाली एक ओळ होती, पॅनक्रियाजमध्ये चरबी दिसते, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

खडा असता तर बरं झालं असतं. खड्याबद्दल कुणाशीही बोलता येतं, प्रत्येकाच्या घरात एखाद्याला तो झालेला असतो. स्वादुपिंड कुणाच्याच घरात नव्हतं. शाळेतल्या विज्ञानाच्या तक्त्यावर मी ते शोधलं, तर नेमक्या तिथेच तक्त्याची घडी पडून कागद फाटलेला. आनंदीने विचारलं, "ह्या बोकडाक आसता?" मी म्हटलं, असणार. ती म्हणाली, "मगे आपण ता खाल्ला आसतला."

दाजींनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "परशुराम, ह्यो तुजो रिपोट नाय. तुज्या फुडे कोण होता रांगेत?"

माझ्यापुढे एक बाई होत्या. चांगल्या भरलेल्या, प्रसन्न. त्यांना सगळं नॉर्मल आलं होतं, आणि त्या जाताना माझ्याकडे बघून हसल्याही होत्या.

"ता बघ," दाजी म्हणाले. "तिची चरबी तुज्या नावार गेली."

मला ते एकदम पटलं. ऑफिसात मी रोज बघतो, एकाच्या फायलीतला कागद दुसऱ्याच्या फायलीत जातो आणि तिथे नांदतो. दुसऱ्या दिवशी दाजींना घेऊन मी सोनोग्राफीवाल्याकडे गेलो आणि अदलाबदलीची तक्रार अत्यंत सभ्य भाषेत मांडली. त्याने ऐकून घेतलं. मग रिपोर्टातल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "साहेब, यात प्रोस्टेट नॉर्मल लिहिलंय. त्या बाईंना मी प्रोस्टेट कुठून आणू?" येताना एस.टी.त दाजी खिडकीबाहेर बघत होते.

आता डॉक्टरांचा सल्ला. आनंदीला सोबत घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "तक्रार काय?"

"तक्रार अशी काही नाही. चरबी आहे."

त्याने मान वर केली, मला एकदा नीट बघितलं, आणि केसपेपरवर 'वजन घटणे' असं लिहिलं. मी म्हटलं, घटलेलं नाही, ते कधी वाढलंच नव्हतं. तो म्हणाला, पुढे बोला. पुढच्या खोलीत माझं वजन केलं आणि नर्सने शिपायाला खूण केली. शिपायाने मला एका रांगेत नेऊन उभं केलं. रांगेतले सगळेच माझ्यासारखे दिसत होते, त्यामुळे मला जरा बरं वाटलं. नंबर आला तेव्हा माझ्या हातात एक डबी दिली आणि सांगितलं, थुंका. ही क्षयाची रांग होती. मी सांगून पाहिलं की मी चरबीसाठी आलो आहे. मागचा म्हातारा मला समजावू लागला, "सगळे आदी असाच म्हणतत रे. थुक."

मी थुंकलो. सरकारी कामात एकदा रांग लागली की ती पूर्ण करावी, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

शेवटी ज्या डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन पडलो त्या घाटावरून नव्याने आलेल्या होत्या, नाव विनीता. त्यांनी डबी बाजूला ठेवली, रिपोर्ट वाचला आणि केसपेपरच्या मागे चित्र काढलं. जठराच्या मागे आडवं झोपलेलं काहीतरी. म्हणाल्या, "हे स्वादुपिंड. अन्न पचवायचा रस इथून येतो आणि रक्तातली साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिनही इथूनच. त्यात चरबी शिरली की हे काम बिघडत असावं, असा संशय आहे."

"संशय?"

"मधुमेहाच्या पेशंटांमध्ये ही चरबी जास्त दिसते. पण चरबीमुळे साखर येते की साखरेमुळे चरबी, हे अजून नीट कळलेलं नाही."

"कुणाला?"

"कुणालाच."

खरं सांगतो, मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा धीर आला. माझ्याइतकीच गोंधळलेली शिकलेली माणसं जगात आहेत, ही काही लहान गोष्ट नव्हे. मी विचारलं, "म्हणजे वजन कमी करू?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही नको. काही माणसं वरून बारीक आणि आतून जाड असतात. तुम्ही खाता काय ते सांगा."

इथे आनंदी मध्ये पडली. वाडीत इतकी वर्षं ऐकून घेतलेलं सगळं तिने त्या खोलीत बाहेर काढलं. घरात हे चिमणीएवढं खातात. पेज, भात, माशाची आमटी, बस. तळलेलं घरात होत नाही. "पण बाई, भादव्यात हे म्हाळाला बसतात."

आता हे तुम्हालाही सांगायला हवं, कारण डॉक्टरीणबाईंनाही सांगावं लागलं. भाद्रपदात पितरांचा पंधरवडा येतो, तेव्हा आमच्या वाडीत घरोघर म्हाळ घालतात. गेलेल्या माणसाच्या नावाने पान मांडायचं आणि त्या पानावर भाऊबंदकीबाहेरचा एक पुरुष बसवायचा. तो पोटभर जेवला की गेलेला माणूस पोटभर जेवला. अडचण अशी, की वाडीतले धट्टेकट्टे पुरुष मुंबईला. चतुर्थीला येतात आणि रजा संपली की गणपतीच्या पाठोपाठ निघतात. मागे राहतात ते एकमेकांचे भाऊबंद. परक्या आडनावाचं घर वाडीत एकच, आमचं, कारण माझे वडील इथे मास्तर म्हणून आले आणि राहिले. त्यामुळे वाडीतल्या प्रत्येक घराचा बाप, आजा आणि पणजा गेली कित्येक वर्षं मीच आहे. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, भोपळ्याची भाजी, भजी, खीर. दुपारी एका घरचा आजा, संध्याकाळी दुसऱ्या घरचा काका. एका म्हातारीने मला सांगितलं होतं, "तुका बघल्यार गेलेल्याची भूक आठवता." याहून मोठा मान मला नोकरीत मिळालेला नाही.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे एका पंधरवड्यात वाडीतली सगळी जेवणं तुम्ही जेवता?"

"मी नाही जेवत," मी म्हटलं. "ते जेवतात. मी फक्त पानावर असतो."

"मग चरबी कोणाची?"

मी आनंदीकडे बघितलं, ती भिंतीवरच्या कुटुंब नियोजनाच्या चित्राकडे बघत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका पंधरवड्याने एवढं होईल असं नाही, पण उपाशीपोटी साखर तपासून घ्या.

तेही सरळ झालं नाही. पहिल्या खेपेला रक्त काढणारा माणूस पोलिओ डोसाच्या कामावर गेला होता. दुसऱ्या खेपेला मी कडकडीत उपाशी निघालो, पण चतुर्थीचे दिवस, वाटेत एका अंगणातून कुणीतरी हातावर मोदक ठेवला आणि तो माझ्या नकळत गेला. शेवटी आनंदी मला हाताला धरून घेऊन गेली. निकाल आला, काठावर. साखर झालेली नाही, पण दारात येऊन चपला काढते आहे. "या वर्षी ते म्हाळ बंद," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "इथून मागे फिरता येतं. एकदा पलीकडे गेलात की अवघड."

आनंदीने घरी येऊन चूल पेटवली. तिच्या बापाचा पाय साखरेने गेला होता. पाय गेल्यावर तो खाटेवर बसून लेकीकडे रोज गूळ मागायचा. चुलीपुढे बसून ती एवढंच म्हणाली, "तुमी गेल्यार तुमच्या पानार कोण बसात? तुमच्यासारखो दुसरो खंय आसा वाडीत?" तिला भीती वाटत होती, आणि खरं म्हणजे मलाही वाटत होती.

बातमी वाडीत गेली आणि दाजींच्या अंगणात, खळ्यात, बैठक बसली. आजारी माणसाची विचारपूस करतात तशी ही बैठक नव्हती, पितरांच्या जेवणाचं काय ही होती. एकाने सुचवलं, मी पानावर नुसतं बसावं आणि माझ्यामागे बसून दुसऱ्याने खावं. दुसऱ्याने विचारलं, मग चरबी कोणाला धरणार? तिसऱ्याचं म्हणणं, वड्यांऐवजी भाकरी करा. त्यावर एक आजोबा भडकले. त्यांच्या बापाने जन्मभर भाकरीच खाल्ली होती, आता मेल्यावर तरी वडे नकोत का? हे मला पटलं. दोन्ही बाजू मला पटत होत्या, हीच माझी त्या दिवसांतली मोठी अडचण होती.

काहीच ठरेना म्हणून देवळात कौल लावायचं ठरलं. बाबली गुरवाने पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर परशुरामाने बसावं, डावी पडली तर बसू नये. मग तो गाऱ्हाणं घालू लागला. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या पोटात जी काय चरबी इली आसा, ती जेच्या कोणाची आसात, तेच्या वाटेक लाव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सवयीने मीही म्हणालो.

आम्ही बघत बसलो. पाकळ्या हलेनात. पायांना मुंग्या आल्या, एक म्हातारा झोपला, ऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यापासून खांबापर्यंत सरकलं. उजवीही पडली नाही आणि डावीही नाही. बाबलीने घाम पुसला आणि म्हणाला, "देव इचार करता." माझा रिपोर्ट काठावर होता, आता देवाचाही तसाच आला.

तेव्हा शेवटी मीच ठरवलं. ऑफिसच्या शिस्तीत, प्रत्येक घरी स्वतः जाऊन, प्रकृतीच्या कारणास्तव यंदा पितर म्हणून उपस्थित राहण्यास असमर्थ असल्याचं कळवलं. मला वाटलं होतं, बायका डोळ्यांना पदर लावतील. कुणी लावला नाही. दोन दिवसांत त्यांनी यतीन नावाचा एक मुलगा शोधून काढला. आरोंद्याचा, तारकर्लीच्या एका लॉजवर कामाला, सकाळ-संध्याकाळ जोर काढणारा. पहिल्याच म्हाळाला त्याने वडे तीनदा मागून घेतले. दाजी मला मुद्दाम सांगायला आले, "आमचो आजो इतको कदी जेवलो नव्हतो." कित्येक वर्षं मी ज्या लोकांचा आजा होतो, त्यांनी मला असं काढून टाकलं. मी पडवीत बसून लोकांच्या घरातला तळणीचा वास घेत होतो आणि आनंदी माझ्यापुढे दुधीची भाजी वाढत होती.

एकच घर अडून बसलं, तुळसाकाकींचं. आमच्या कुंपणापलीकडचं. नवरा, रामचंद्रकाका, जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा मुंबईला. एरवी काकी मला "परशुरामा" म्हणून हाक मारते, कुंपणावरून माझ्या लुंगीच्या गाठीवर टीका करते. पण म्हाळाच्या दिवशी मी पानावर बसलो की ती डोक्यावर पदर घेते आणि मला "अवो" म्हणते. "अवो, वायच रस घेवा." तिच्या घरचा मेनू कधी बदलत नाही. शिरवाळे. तांदळाच्या उकडीच्या, सोऱ्यातून पाडलेल्या शेवया आणि वर गुळाचा नारळाचा रस. वाडगा रिकामा झाला की ती भरते, मी नको म्हणायचं नाही. ती समोर बसून मला खाताना बघत राहते, आणि मी उठलो की कितीतरी वेळ पान उचलत नाही.

यतीनचं नाव काढल्यावर काकी म्हणाली, "ता पोर माज्या घोवाच्या पानार? तेका शिरवाळे कसे खातत ता तरी म्हायत आसा? माजो म्हाळ पंचमीक. परशुराम बसात नायतर पान रिकामा रवात."

रिकामं पान. म्हणजे काका उपाशी. आनंदी म्हणाली, जायचं नाही. मी म्हटलं, नाही गेलो तर ती म्हातारी वर्षभर झोपायची नाही. आनंदी म्हणाली, आणि गेलात तर मी झोपायची नाही. रात्रभर दोघंही आढ्याकडे बघत होतो. सकाळी तिने लुगडं नेसलं आणि म्हणाली, "मी वांगडा येतंय. पानाशी बसतलंय. एक घास घ्या, तेवढोच. दुसरो घेतलात तर हात धरतलंय."

अशा रीतीने कित्येक वर्षांत पहिल्यांदा पितर पहारेकऱ्यासकट जेवायला गेला.

काकीचा मुलगा मुंबईला, म्हणून भाऊबंद या नात्याने दाजींनी देवाला नैवेद्य दाखवला, कावळ्याचं पान कौलांवर ठेवलं आणि ते निघून गेले. मी पाटावर बसलो. घरभर गुळाचा आणि नारळाच्या रसाचा वास. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि आनंदीने माझ्या मनगटावर हात ठेवला. काकी पदर सावरत आली, माझ्यापुढे वाकली आणि पानावर वाढू लागली. नाचणीची भाकरी. कुळथाची पिठी. कारल्याची भाजी. ताक. मी वाट बघत होतो, पण पुढे काही आलं नाही.

"काकी, शिरवाळे?" मी विचारलं. माझा आवाज जरा दुखावलेलाच निघाला.

"शिरवाळे कौलार आसत. कावळ्याच्या पानार."

"आणि काका?"

काकी भिंतीला टेकून बसली. बोलायला लागली तेव्हा तिने डोक्यावरचा पदर तसाच ठेवला होता.

"तेंका साखर होती. वाडीत कोणाक म्हायत नव्हता, तेंका लाज वाटायची. शेवटच्या वर्सा डॉक्टरान सगळा बंद केल्यान. चतुर्थीक तेनी माज्याकडे शिरवाळे मागले. वाटीभर. मी दिलंय नाय. नारळ लपवन ठेवलंय. पोरासारखे रुसान बसले. मगे दिवाळीक गेले." तिने पदराने नाक पुसलं. "त्या वर्सापासना तुका वाढतंय. तू वाडगो पुसान खायचंस ना, ता बघून माजो जीव थंड व्हायचो. वाटायचा, जेवले."

माझ्या स्वादुपिंडात साठलेली जी काय चरबी होती, त्यात त्या न दिलेल्या वाटीचा वाटा किती, हे जगातल्या कुठल्या सोनोग्राफीवाल्याने सांगितलं असतं? वाईट वाटलं. म्हातारीसाठी, आणि त्या रुसून बसलेल्या माणसासाठीसुद्धा.

"वाढा काकी," मी म्हटलं. "एका दिवसान काय होवचा नाय."

आनंदीचा हात मनगटावरून हलला नाही, पण तिने मला आवरलंही नाही.

"नाय," काकी म्हणाली. "आनंदीन माका तुज्या रिपोटाचा सगळा सांगल्यान. एकाक दिलंय नाय म्हणान इतकी वर्सां रडलंय. आता दुसऱ्याक देवन रडूचंय नाय. भाकरी खा, परशुरामा."

त्या पानावर बसलेलो असताना तिने मला माझ्या नावाने हाक मारली, असं आधी कधी झालं नव्हतं. मी भाकरी मोडली. पिठी चांगली झाली होती, कारलं कडू होतं. कौलांवर पंख फडफडले आणि चोचीचा टकटक आवाज आला. काकीने कान टवकारले. वर कावळा रसात भिजलेल्या शेवया ओढत होता, घाई नव्हती त्याला. काकी ऐकत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "जेवतत." तिच्या चेहऱ्यावर मी नेहमी बघायचो तेच समाधान होतं. ते माझ्यामुळे नव्हतं हे बघून मला पहिल्यांदा थोडं लागलं, आणि मग सुटल्यासारखं वाटलं. त्या कावळ्याच्या स्वादुपिंडाची काळजी मात्र माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

मी ताक प्यायलो. तेवढ्यात आनंदी उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या बोटांत टोपात उरलेल्या शिरवाळ्यांचा एक घास होता, अगदी लहान, रस निथळलेला. तो तिने माझ्या पानाच्या कडेला ठेवला. मी तिच्याकडे बघितलं. पहारेकरी असा फितूर होईल, हे मला अपेक्षित नव्हतं.

"ह्यो काकांचो नाय," ती म्हणाली. "ह्यो तुमचो."

इतक्या वर्षांत त्या घरात मी स्वतःच्या नावाने खाल्लेला तो पहिला गोड घास. त्याची जी काय चरबी होईल, ती माझी.